सेटिल अल्कोहोल आणि आपले शरीर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रीमच्या डबीमागे बारीक अक्षरांत घटकांची जी रांग असते, तिच्यात पहिल्या पाच-सहा नावांत बहुतेक वेळा ‘सेटिल अल्कोहोल’ किंवा त्याचे एखादे भावंड सापडते. हाच रेणू आपल्या पेशी रोज तयार करतात आणि मोडतातही. हे मोडणे अडले की एक दुर्मिळ, गंभीर आजार होतो. तयार होणे अडले तर दुसरा. त्यामुळे या नावाचा शोध घेणाऱ्याला एकीकडे ‘अगदी निर्धोक’ असे उत्तर मिळते आणि दुसरीकडे आजारांची लांबलचक यादी. दोन्ही खरी असतात, पण ती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे असतात. म्हणून इथे प्रश्न सुटे करून घेतले आहेत.

सेटिल अल्कोहोल म्हणजे नेमके काय?

सोळा कार्बनची सरळ साखळी आणि तिच्या एका टोकाला ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी. रसायनशास्त्रातले नाव १-हेक्साडेकॅनॉल. दिसायला पांढरे, मेणासारखे. साधारण ४९ अंश सेल्सिअसला वितळते. पाण्यात विरघळत नाही. याच कुळातले अठरा कार्बनचे ते स्टिअरिल अल्कोहोल, आणि दोघांचे मिश्रण म्हणजे सेटोस्टिअरिल किंवा सेटिअरिल अल्कोहोल. या सगळ्या कुळाला फॅटी अल्कोहोल म्हणतात.

नावात अल्कोहोल आहे. मग त्वचा कोरडी पडत नाही का?

नाही, उलट मऊ राहते. दारूतले किंवा सॅनिटायझरमधले इथेनॉल दोन कार्बनचे असते. ते पाण्यात सहज मिसळते, भराभर उडते आणि जाताना त्वचेवरची स्निग्धता घेऊन जाते. सोळा कार्बनची साखळी उडून जाण्याइतकी हलकी नसते. ती त्वचेवर पातळ थर धरून बसते आणि आतले पाणी बाहेर जाऊ देत नाही. पाण्याच्या पृष्ठभागावर हे रेणू एकमेकांना खेटून एका रेणूच्या जाडीचा पापुद्रा तयार करतात. त्याच गुणामुळे १९५०च्या दशकात ऑस्ट्रेलियात जलाशयांवर हेक्साडेकॅनॉल पसरून बाष्पीभवन रोखण्याचे प्रयोग झाले होते. क्रीमच्या डबीत आणि धरणावर काम एकच!

नशा येण्याचा प्रश्नही कधीकधी विचारला जातो. येत नाही.

मग ‘अल्कोहोल फ्री’ लिहिलेल्या बाटलीत ते कसे काय असते?

सौंदर्यप्रसाधनांच्या व्यवहारात नुसते ‘अल्कोहोल’ म्हटले की अर्थ इथेनॉल असा घेतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचीही हीच भूमिका आहे. तिथे ‘अल्कोहोल फ्री’ उत्पादनात सेटिल, स्टिअरिल, सेटिअरिल किंवा लॅनोलिन अल्कोहोल असू शकते. फसवणूक नाही, पण नाव गोंधळात टाकणारे आहे हे मान्य.

हे देवमाशापासून काढतात, हे खरे का?

पूर्वी काढत. ‘सेटिल’ या शब्दाचे मूळ लॅटिनमधल्या देवमाशासाठीच्या शब्दात आहे. स्पर्म व्हेलच्या डोक्यातल्या मेणाचा, म्हणजे स्पर्मासेटीचा, मुख्य घटक सेटिल पाल्मिटेट असतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल यांनी १८१७ मध्ये हे मेण कॉस्टिक पोटॅशबरोबर तापवले आणि उरलेल्या पदार्थातून सेटिल अल्कोहोल वेगळे केले. (शेव्रल स्वतः १०२ वर्षे जगले, मेदावर आयुष्य घालवलेल्या माणसाबद्दल हे सांगायला बरे वाटते.) आज हा माल पाम किंवा खोबरेल तेलापासून, नाहीतर खनिज तेलातून मिळणाऱ्या रसायनांपासून बनतो.

आपले शरीर हा रेणू स्वतः बनवते? कशासाठी?

हो, आणि हा या सगळ्या विषयाचा गाभा आहे.

पेशीत पाल्मिटिक आम्ल नावाचे सोळा कार्बनचे मेदाम्ल मुबलक असते. त्याच्या सक्रिय रूपावर, म्हणजे पाल्मिटॉइल-कोएवर, एफएआर१ आणि एफएआर२ ही एन्झाइमे (पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने) काम करतात आणि त्याचे हेक्साडेकॅनॉल होते. एफएआर१ पेरॉक्सिझोम या पेशीतल्या छोट्या पिशवीच्या आवरणाला चिकटलेले असते. ते तिथेच का, हे पुढे कळेल.

तयार झालेल्या अल्कोहोलला दोन मुख्य वाटा आहेत. पहिली वाट मेणाची. त्वचेतल्या तेलग्रंथी आणि पापण्यांच्या कडेच्या मायबोमियन ग्रंथी मेदाम्ल आणि फॅटी अल्कोहोल जोडून मेणाचे एस्टर बनवतात. चेहऱ्यावरच्या तेलाचा सुमारे पाव हिस्सा असे एस्टर असतात. डोळ्यातले अश्रू झटकन वाळू नयेत म्हणून त्यांच्यावर तेलाचा जो तवंग असतो, त्यातही हे मेण असते.

दुसरी वाट ईथर लिपिडांची (लिपिड म्हणजे मेदाच्या जातीचा रेणू), आणि शरीराच्या दृष्टीने ती जास्त मोलाची. पेशीच्या पडद्यातल्या नेहमीच्या फॉस्फोलिपिडात ग्लिसरॉलच्या कण्याला दोन मेदाम्ले जोडलेली असतात. ईथर लिपिडात त्यातल्या एका जागी मेदाम्लाऐवजी फॅटी अल्कोहोलची साखळी वेगळ्या प्रकारच्या बंधाने बसते. हा अदलाबदलीचा उद्योग एजीपीएस हे एन्झाइम पेरॉक्सिझोमच्या आत करते. एफएआर१ त्याच पिशवीच्या भिंतीवर का, याचे उत्तर हे : कच्चा माल कारखान्याच्या दारातच तयार होतो. यातून बनणाऱ्या प्लाझ्मॅलोजेन नावाच्या लिपिडांचा माणसाच्या एकूण फॉस्फोलिपिडांत जवळपास पाचवा हिस्सा भरतो. मेंदूतल्या मज्जातंतूंवरचे मायेलिनचे वेष्टण आणि हृदयाचे स्नायू यांत ती विशेष भरलेली असतात. रक्तातल्या प्लेटलेट सक्रिय करणारा पीएएफ हा संदेशवाहक रेणूही ईथर लिपिडच आहे.

मग ते शरीरात साचत का नाही?

कारण उरलेले लगेच परत फिरवले जाते. अल्कोहोलचे आधी फॅटी अल्डिहाइड होते आणि मग मेदाम्ल. या दुसऱ्या पायरीवरचे एन्झाइम म्हणजे एफएएलडीएच. त्याचा नकाशा एएलडीएच३ए२ या जनुकात लिहिलेला आहे आणि ते जनुक १७व्या गुणसूत्रावर आहे. एका बाजूने भरणे, दुसऱ्या बाजूने उपसणे अखंड चालू असल्याने निरोगी पेशीत मोकळे फॅटी अल्कोहोल नावापुरतेच सापडते.

उपसणे बंद पडले तर?

तर शोग्रेन-लार्सन सिंड्रोम होतो. फॅटी अल्कोहोलशी ज्याचा थेट, सिद्ध झालेला संबंध आहे असा हा आजार, म्हणून त्यावर थोडे सविस्तर.

स्वीडनचे टॉर्स्टेन शोग्रेन आणि टागे लार्सन यांनी १९५७ मध्ये देशाच्या उत्तर भागातल्या कुटुंबांचा अभ्यास करून तीन लक्षणे एकत्र बांधली : माशाच्या खवल्यांसारखी जाड, कोरडी त्वचा, पायांत जास्त आणि हातांत कमी असा स्नायूंचा ताठरपणा, आणि बौद्धिक वाढीतली उणीव. ही तिन्ही एकाच कारणाने का व्हावीत, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. त्वचा आणि मेंदू यांत समान काय असणार?

तीस वर्षांनी उत्तर मिळाले. १९८८ मध्ये विल्यम रिझो आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या त्वचेतल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि त्यांना फॅटी अल्कोहोलचे ऑक्सिडीकरण जमत नाही हे दाखवले. हेक्साडेकॅनॉल पेशींत साचत होते. १९९६ मध्ये एएलडीएच३ए२ जनुकातले दोष सापडले आणि साखळी पूर्ण झाली. त्वचा आणि मेंदू दोन्ही लिपिडांवर उभे आहेत. लिपिडांची उलाढाल बिघडली की मार दोघांनाही बसतो.

आजार अप्रभावी (रिसेसिव्ह) पद्धतीने येतो. आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेली प्रत मिळाली तरच मूल आजारी पडते. एकच प्रत बिघडलेली असलेले आईवडील निरोगी असतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक गर्भारपणात धोका २५ टक्के.

पुष्कळ मुले दिवस भरण्याआधी जन्मतात. त्वचेची लक्षणे जन्मतः किंवा पहिल्या काही महिन्यांत दिसतात, आणि इक्थायोसिसच्या, म्हणजे खवलेदार त्वचेच्या आजाराच्या, इतर प्रकारांच्या तुलनेत इथे खाज फार असते. पायांचा ताठरपणा मूल उभे राहण्या-चालण्याच्या वयात लक्षात येतो. डोळ्यांच्या पडद्याच्या मध्यभागी चमकणारे पांढरे ठिपके दिसले तर ती या आजाराची जवळजवळ सहीच. पण ते सगळ्यांत नसतात आणि तान्ह्या वयात तर क्वचितच दिसतात.

दोष अल्कोहोलचा की अल्डिहाइडचा?

चांगला प्रश्न, आणि उत्तर एका शब्दाचे नाही. बंद पडते ते अल्डिहाइड मोडणारे एन्झाइम. पण अल्डिहाइड तुंबले की मागचे अल्कोहोलही तुंबते, आणि काही अल्डिहाइडचे पुन्हा अल्कोहोल होते. अल्डिहाइड हा स्वभावानेच चिकटू रेणू. तो प्रथिनांना आणि लिपिडांना जाऊन जोडला जातो. अल्कोहोल तितके आक्रमक नाही, पण ते मेणाच्या एस्टरांत आणि ईथर लिपिडांत वळवले जाते आणि त्वचेच्या वरच्या थरातली पाणी अडवणारी रचना बिघडते. शिवाय याच एन्झाइमला आणखी कामे आहेत. दाह वाढवणारा ल्युकोट्राइन बी४ हा रेणू निकामी करण्यात त्याचा वाटा आहे, आणि खाजेमागे त्याचाच हात असावा असे मानले जाते. तेव्हा ‘हेक्साडेकॅनॉलमुळे होणारा आजार’ असे म्हणणे ढोबळ झाले. हेक्साडेकॅनॉल हा त्यातला एक आरोपी, आणि निदानासाठी उपयोगी पडलेला साक्षीदार.

कोरडे डोळे आणि कोरडे तोंड असलेला शोग्रेन आजार हाच का?

नाही. तो हेन्रिक शोग्रेन यांच्या नावाचा, स्वयंप्रतिकारशक्तीचा आजार. आडनाव एक, देश एक, बाकी काही एक नाही. रुग्णालयाच्या कागदांवरही ही गल्लत होते, म्हणून ‘लार्सन’ हा शब्द आहे की नाही ते नीट पाहावे.

सेटिल अल्कोहोलचे क्रीम लावल्याने हा आजार होतो का?

होत नाही. साचणारे अल्कोहोल पेशींच्या स्वतःच्या उलाढालीतले असते आणि आजार जनुकातून येतो.

उपचार काय?

जनुकीय दोष दुरुस्त करणारा उपचार आज हाताशी नाही. त्वचेसाठी युरियायुक्त मलमे, स्निग्ध लेप आणि गरजेनुसार तोंडाने घ्यायची रेटिनॉइड गटातली औषधे; स्नायूंसाठी फिजिओथेरपी, आधार-पट्टे, कधी शस्त्रक्रिया; फिट येत असतील तर त्यांची औषधे. ल्युकोट्राइन बनण्यापासून रोखणाऱ्या झायल्युटॉनने काही रुग्णांची खाज कमी झाल्याची नोंद आहे, पण हा अनुभव मोजक्यांवरचा. आहारातले लांब साखळीचे मेद कमी करून मध्यम साखळीचे मेद देण्याचे प्रयोगही झाले, निकाल संमिश्र. पालकांनी जनुकीय समुपदेशन घ्यावे, कारण पुढच्या गर्भारपणात तपासणी शक्य असते.

आणि फॅटी अल्कोहोल तयारच झाले नाही तर?

मग ईथर लिपिडे बनत नाहीत. एफएआर१च्या दोन्ही प्रती निकामी असलेली मुले २०१४ मध्ये वर्णन केली गेली : तीव्र बौद्धिक अडचण, फिट, मोतीबिंदू. त्याच कारखान्यातले पुढचे कामगार, म्हणजे जीएनपीएटी किंवा एजीपीएस, गैरहजर असतील, किंवा एजीपीएसला पेरॉक्सिझोममध्ये पोचवणारे पीईएक्स७ बिघडले असेल, तर रायझोमेलिक कॉन्ड्रोडिस्प्लेझिया पंक्टाटा होतो. नाव जिभेला वळण देणारे आहे खरे, पण अर्थ साधा : दंड आणि मांड्या आखूड, आणि क्ष-किरण चित्रात कूर्चेवर चुन्याचे ठिपके. मोतीबिंदू इथेही असतो. झेलवेगर सिंड्रोम या जन्मजात आजारात तर पेरॉक्सिझोमच नीट घडत नाहीत, त्यामुळे प्लाझ्मॅलोजेनही घटतात.

जास्त तयार झाले तर काही बिघडते का?

२०२१ पर्यंत याचे उत्तर कोणी ठामपणे दिले नसते. त्या वर्षी एफएआर१च्या एकाच ठिकाणी नव्याने बदल झालेल्या १२ रुग्णांचे वर्णन आले. एरवी पेशीत प्लाझ्मॅलोजेन पुरेसे झाले की एफएआर१ मोडीत काढले जाते. म्हणजे टाकी भरली की नळ आपोआप बंद. या रुग्णांत नळ बंदच होत नव्हता आणि ईथर लिपिडे वाढतच होती. लक्षणे? पायांचा ताठरपणा आणि मोतीबिंदू. कमी पडले तरी मोतीबिंदू, जास्त झाले तरी मोतीबिंदू. मला तरी या सगळ्या विषयात हीच गोष्ट सर्वांत बोलकी वाटते. ‘हा रेणू चांगला की वाईट’ हा प्रश्नच इथे कोसळतो.

अल्झायमरशी संबंध आहे का?

अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत प्लाझ्मॅलोजेनचे प्रमाण कमी आढळते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. पण चेतापेशी मरतात म्हणून त्यांची लिपिडे घटतात, की लिपिडे घटतात म्हणून पेशी मरतात? नुसत्या मोजणीवरून हे ठरत नाही. या दुव्यावर भिस्त ठेवून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांकडे मी तरी साशंक नजरेनेच पाहीन.

माहितीकोशांत या रेणूसमोर आजारांची यादी दिसते. ती कशी वाचायची?

हात राखून. अशा याद्यांत ‘संबंध’ हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरलेला असतो. एक, जनुकाच्या दोषाने रेणू साचतो आणि आजार होतो. शोग्रेन-लार्सन हे त्याचे उदाहरण. दोन, आजारी माणसांच्या नमुन्यात रेणूचे प्रमाण कमी-जास्त आढळले, एवढेच. तीन, प्रयोगशाळेतल्या बशीत पेशींवर ओतल्यावर काहीतरी घडले. तिसऱ्या प्रकारात किती मात्रा वापरली होती ते आधी पाहावे. पाण्यात न विरघळणारा मेणकट पदार्थ भरपूर ओतला तर पेशींचे काहीतरी होणारच.

कॅन्सर होतो का?

क्रीममधल्या सेटिल अल्कोहोलने कॅन्सर होतो असा पुरावा नाही. जिवाणूंवरच्या उत्परिवर्तन चाचणीत ते निर्दोष ठरले, आणि १९८८ मध्ये अमेरिकेतल्या सौंदर्यप्रसाधन घटकांच्या तज्ज्ञ समितीने सेटिल, सेटिअरिल, मिरिस्टिल, बेहेनिल आणि आयसोस्टिअरिल ही अल्कोहोले त्या वेळच्या वापरात सुरक्षित असल्याचा निष्कर्ष काढला. कॅन्सरच्या पेशींत ईथर लिपिडे वाढलेली असतात हे खरे, पण ती त्या पेशींनी स्वतः वाढवलेली.

ऍलर्जी येऊ शकते का?

येऊ शकते. सर्वसाधारण लोकांत कमी, पण एका गटात लक्ष ठेवावे असे : पायांच्या शिरांत रक्त साकळून झालेले जुने इसब किंवा न भरणाऱ्या जखमा असलेले रुग्ण. त्यांची त्वचा आधीच उघडी, आणि तिच्यावर महिनोन्‌महिने मलमे. त्यातून सेटोस्टिअरिल अल्कोहोलची संपर्क-ऍलर्जी जडते. गंमत अशी, की गंमत कसली, त्रासच, ही ऍलर्जी ज्या स्टिरॉइड क्रीमने बरी करायची त्या क्रीममध्येही हाच घटक असू शकतो. मलम लावूनही इसब चिघळत असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट करून घ्यावी. त्यासाठी सेटोस्टिअरिल अल्कोहोल २० टक्के प्रमाणात पेट्रोलेटममध्ये (पेट्रोलियम जेलीत) मिसळून पाठीवर लावतात. निदान पक्के झाले तर क्रीमऐवजी तोच औषधी घटक नुसत्या पेट्रोलेटमच्या मलमात मिळतो का ते विचारावे.

लॅनोलिन अल्कोहोल हे मेंढीच्या लोकरीच्या मेणातले, निराळे प्रकरण. एकाची ऍलर्जी म्हणजे दुसऱ्याची असतेच असे नाही.

मुरुमे येतात का?

छिद्रे बुजवणाऱ्या घटकांच्या ज्या याद्या फिरतात, त्यांचा पाया बराचसा सशांच्या कानांवरच्या जुन्या चाचण्यांचा आहे. सशाचा कान म्हणजे माणसाचा गाल नव्हे. संपूर्ण उत्पादन कसे आहे ते महत्त्वाचे. एका नावावरून निकाल लावू नये.

पोटात गेले तर?

थोडे गेले तर आतड्यात शोषले जाऊन बहुतेकाचे पाल्मिटिक आम्ल होते, म्हणजे रोजच्या जेवणातल्या मेदासारखेच. तोंडावाटे विषारीपणा फार कमी. लहान मुलाने क्रीम खाल्ले असेल तर त्यातले इतर घटक कोणते, याची विचारपूस डॉक्टरांकडे आधी करावी.

मेणाच्या एस्टरांची गोष्ट वेगळी. एस्कोलार आणि ऑइलफिश या खोल समुद्रातल्या माशांच्या मांसात वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत फॅटी अल्कोहोलचे मेण असते. माणसाला ते पचत नाही; खाल्ल्यावर काही तासांत नारिंगी तेल नकळत गळते, पोटात मुरडा येतो. वैद्यकात याला केरिओऱ्हिया म्हणतात. आपोआप थांबते, पण प्रसंग लाजिरवाणा. जपानने १९७७ मध्ये एस्कोलारच्या विक्रीवर बंदी घातली.

औषध म्हणून उपयोग झाला आहे का?

झाला आहे, आणि तोही जीव वाचवण्यासाठी. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या फुप्फुसांत सर्फॅक्टंट हा वायुकोश उघडे ठेवणारा पदार्थ कमी असल्याने वायुकोश मिटतात. १९९० मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या एक्सोसर्फ या कृत्रिम सर्फॅक्टंटच्या कुपीत १०८ मिलिग्रॅम मुख्य फॉस्फोलिपिड, १२ मिलिग्रॅम सेटिल अल्कोहोल आणि ८ मिलिग्रॅम टायलॉक्सापॉल असे. फॉस्फोलिपिड फुप्फुसात भराभर पसरावे हे सेटिल अल्कोहोलचे काम. पुढे प्राण्यांपासून काढलेली सर्फॅक्टंट सरस ठरली आणि हे मागे पडले.

बावीस कार्बनचे डोकोसॅनॉल १० टक्के क्रीमच्या रूपात ओठांवरच्या हर्पिसच्या फोडांसाठी २००० मध्ये तिथेच मंजूर झाले. ते विषाणूला पेशीच्या पडद्यात मिसळू देत नाही. फायदा बेताचा : चाचणीत फोड सुमारे १८ तास लवकर बरे झाले.

उसाच्या मेणातले पोलिकोसॅनॉल मात्र बोलघेवडे निघाले. अठ्ठावीस कार्बनचे ऑक्टाकोसॅनॉल हा त्याचा मुख्य घटक. क्यूबातल्या सुरुवातीच्या अभ्यासांत त्याने कोलेस्टेरॉल चांगले उतरल्याचे सांगितले गेले. २००६ मध्ये जर्मनीत १४३ रुग्णांवर रोज ८० मिलिग्रॅमपर्यंत देऊन पाहिले, तर नुसत्या साखरेच्या गोळीइतकाच परिणाम.

रक्तचाचणीत हेक्साडेकॅनॉल मोजतात का?

नेहमीच्या चाचण्यांत नाही. शोग्रेन-लार्सनचा संशय असेल तर जनुक तपासणी किंवा त्वचेच्या पेशींत एफएएलडीएचचे काम मोजतात. मेंदूच्या एमआर स्पेक्ट्रोस्कोपीत, म्हणजे एमआरआय यंत्राने ऊतीतली रसायने दाखवणाऱ्या तपासणीत, आलेखावर १.३ पीपीएम या जागेजवळ लिपिडचा शिखरबिंदूही दिसतो. ईथर लिपिडांच्या आजारांत तांबड्या रक्तपेशींतले प्लाझ्मॅलोजेन मोजतात.

हा रेणू फक्त आजारांशीच जोडलेला आहे का?

मुळीच नाही. रेशमाच्या पतंगाची मादी नराला बोलावते ती याच सोळा कार्बनच्या साखळीने, फक्त तिच्यात दोन दुहेरी बंध असतात. आडोल्फ बुटेनान्ट यांनी १९५९ मध्ये तो रेणू ओळखला आणि त्याला बॉम्बिकॉल हे नाव दिले. काही मिलिग्रॅम मिळवण्यासाठी पाच लाखांच्या आसपास माद्या लागल्या होत्या.